धाकट्या पातीचें साम्राज्य

साम्राज्यांचा विषय निघाला म्हणजे आपल्या घरांतून ठराविक चार-पांच नांवें ऐकूं येतात. इंग्रजांचें नांव अर्थातच पहिलें. मागोमाग गोमंतकामुळें पोर्तुगीज, पांदिचेरीमुळें फ्रेंच, आणि शाळेंत पाठ केलेल्या इतिहासामुळें डच व स्पॅनिश. यादी येथें संपते. युरोपच्या उत्तरेकडील लहान राष्ट्रांचा उल्लेख होतो तो अगदीं निराळ्या प्रसंगीं. सहकारी दुग्धशाळा कशा चालवाव्या, खेड्यांतील प्रौढांस शिक्षण कसें द्यावें, म्हातारपणीं माणसाची काळजी सरकारनें कशी वाहावी, हें सांगतांना वक्ते डेन्मार्ककडे बोट दाखवितात. मुलांच्या हातीं अँडरसनच्या परीकथा असतात. एकंदरींत हीं राष्ट्रें म्हणजे युरोपच्या भांडखोर कुटुंबांतलीं सुस्वभावी धाकटीं भावंडें, असा आपला समज होऊन बसला आहे.

हा समज अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. डेन्मार्कच्या दुग्धशाळा खरोखरच नांवाजण्याजोग्या आहेत, आणि अँडरसनच्या गोष्टी आमच्याही आवडीच्या आहेत. तथापि "लहान म्हणून निरपराध" हें अनुमान तर्काला धरून नाहीं. आपल्याकडे एकत्र कुटुंबाची वांटणी होते तेव्हां एक जुना नियम पाळला जातो: जो रिक्थ घेईल त्यानें ऋणही घ्यावें. धाकट्या पातीच्या वांट्याला चार बिघे कमी आले, तर कर्जाचा हिस्साही त्या मानानें कमी येईल. पण "आम्ही धाकटे, सबब कर्ज थोरल्यांचें" असें म्हणण्याची सोय धर्मशास्त्रानें ठेविलेली नाहीं. याच नियमानें या महिन्यांत डेन्मार्कचें खातें वाचकांपुढें उघडावें असें आम्हांस वाटतें. दुसरें एखादें लहान राष्ट्र न घेतां हेंच घेण्याचें कारण असें कीं, या खात्यांत एक नोंद खुद्द आपल्या मराठी भाषेच्या नांवाची आहे.

डॅनिश लोक हिंदुस्थानांत आले ते इंग्रज व डच यांच्या पाठोपाठ. त्यांचा राजा चौथा ख्रिश्चन यानें १६१६ सालीं डचांचा कित्ता गिरवून एक ईस्ट इंडिया कंपनी काढली. १६२० च्या नोव्हेंबरांत ओव्हे येद्दे नांवाच्या त्यांच्या तरुण सरदारानें तंजावरचा नायक राजा रघुनाथ याच्याशीं करार केला, आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरील तरंगंबाडी हें लहानसें गांव व्यापाराकरितां मिळविलें. युरोपियनांच्या जिभेवर त्याचें त्रांकेबार झालें. तेथें डॅन्सबोर्ग नांवाचा किल्ला बांधण्यांत आला. तो अद्यापि उभा आहे. या जागेबद्दल डॅनिश लोक तंजावरच्या दरबारास दरसाल ठराविक रक्कम भरीत. पुढें १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे भोसले यांनीं तंजावर घेतलें, तेव्हां हे उत्तरेचे दर्यावर्दी मराठ्यांचे भाडेकरू झाले. कोपनहेगनच्या राजाचें निशाण ज्या किल्ल्यावर फडकत होतें, त्याच्या जागेचें भाडें शिवछत्रपतींच्या सावत्र भावाच्या घराण्यांत जात होतें.

इतका नम्र आरंभ पाहून कोणासही वाटावें कीं, हे बिचारे व्यापारी; यांचा साम्राज्याशीं काय संबंध? या प्रश्नाचें पहिलें उत्तर हुगळीच्या कांठीं मिळतें. १७५५ सालीं डॅनिशांनीं बंगालच्या नबाबाकडून कलकत्त्याच्या वरच्या अंगास, नदीच्या पश्चिम तीरावर, श्रीरामपूर येथें जागा मिळविली व आपल्या राजाच्या नांवावरून तिला फ्रेडरिक्सनगर म्हटलें. दोनच वर्षांनीं प्लासीची लढाई झाली. पुढें इंग्रज आणि फ्रेंच यांचें युद्ध जुंपलें कीं दोघांचींही जहाजें समुद्रांत धोक्यांत येत. डॅनिश निशाण मात्र तटस्थ म्हणून सुरक्षित राही. इंग्रज कंपनीचे नोकर बंगालमध्यें जी संपत्ति जमा करीत, तिच्यांतील बरीचशी उजळ माथ्यानें विलायतेस नेण्याजोगी नसे. ती डॅनिश व्यापाऱ्यांच्या स्वाधीन करावयाची. तिच्यांतून माल खरेदी होऊन तो डॅनिश जहाजांनीं कोपनहेगनला जावयाचा. आणि मूळ धन्यास युरोपांत हुंडी पटवून मिळावयाची, असा हा व्यवहार होता. बंगालची लूट इंग्रजांनीं केली हें खरें. ती घरीं पोंचविण्याची हमाली धाकट्यांनीं पत्करली आणि हमालीचा नफा गांठीं बांधला. अठराव्या शतकाच्या अखेरीस डॅनिश व्यापाराला जी भरभराट आली, तिचें बरेंचसें कारण ही तटस्थता होय. तटस्थता हा सद्गुण असूं शकतो. परंतु जहाजागणिक जिचा दर ठरलेला असतो त्या तटस्थतेस सद्गुण न म्हणतां व्यापार म्हणणें अधिक योग्य.

आतां आपल्या नोंदीकडे वळूं. त्या काळीं इंग्रज कंपनी आपल्या मुलखांत मिशनऱ्यांस सुखानें राहूं देत नसे. विल्यम केरी आणि त्याचे सहकारी मार्शमन व वॉर्ड यांस १८०० सालीं आसरा मिळाला तो श्रीरामपुरांत, डॅनिश निशाणाखालीं. तेथें त्यांनीं छापखाना घातला. पंचानन कर्मकार या बंगाली कारागिरानें अक्षरांचे ठसे कोरले. केरी हा कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठीही शिकवीत असे, व वैजनाथ शर्मा हे पंडित त्यास साहाय्य करीत. १८०५ सालीं केरीचें मराठी व्याकरण श्रीरामपुरांत छापून निघालें. १८१० सालीं मोडी ठशांत मराठीचा कोश निघाला. १८१४ सालीं "सिंहासनबत्तिशी" निघाली. पुण्यांत अद्याप पेशवाई नांदत होती व पोथ्या हातानेंच लिहिल्या जात होत्या, त्या वेळीं देवनागरी व मोडी अक्षरांतलीं आरंभींचीं छापील मराठी पुस्तकें बंगालमधल्या एका डॅनिश गांवांत तयार होत होतीं. तिकडे दक्षिणेंत तंजावरच्या सरफोजीराजांनीं आपला स्वतंत्र छापखाना घालून मराठी पुस्तकें छापविलीं. त्या राजांचे गुरु श्वार्त्स हेही १७५० सालीं त्रांकेबारच्या डॅनिश मिशनमध्येंच प्रथम दाखल झालेले होते. आज हें मासिक छापून वाचकांच्या हातीं येतें, त्या परंपरेचे दोन धागे असे डॅनिश वसाहतींशीं जोडलेले आहेत.

हें ऋण आम्ही मोकळ्या मनानें मान्य करतों. मात्र एका जमेच्या नोंदीवरून सारें खातें जमेचें ठरत नसतें. हिंदुस्थान हा त्या साम्राज्याचा एक कोपरा होता. खरी कमाई कोठें होती हें पाहावयाचें तर त्यांच्या जहाजांबरोबर आफ्रिकेच्या किनाऱ्यास गेलें पाहिजे.

आजच्या घाना देशाची राजधानी अक्रा. तेथें समुद्रकांठीं ख्रिश्चन्सबोर्ग नांवाचा डॅनिश किल्ला आहे. या किनाऱ्यावर बंदुका, दारू व कापड उतरावयाचें आणि माणसें जहाजांत चढवावयाचीं, असा व्यापार दीडशें वर्षें चालला. त्या बाजारांत हिंदुस्थानचें सुती कापडही मोबदला म्हणून खपत असे. ज्या विणकरानें तें विणलें त्यास त्याच्या बदल्यांत काय विकत घेतलें जातें याची कल्पनाही नसावी. हीं माणसें अटलांटिक महासागर ओलांडून वेस्ट इंडीजमधील तीन बेटांवर नेलीं जात. त्यांपैकीं सेंट थॉमस १६७२ सालीं व सेंट जॉन १७१८ सालीं डॅनिशांनीं वसविलें, आणि सेंट क्रॉय १७३३ सालीं फ्रान्सकडून विकत घेतलें. तेथें ऊंस पिकवावयाचा, आणि त्याची कच्ची साखर व रम कोपनहेगनला पाठवावयाची.

डॅनिश निशाणाच्या जहाजांनीं सुमारें १ लाख १० हजार आफ्रिकन माणसें अशीं नेलीं, असा अभ्यासकांचा हिशोब आहे. सर्व युरोपीय राष्ट्रांनीं मिळून नेलेल्यांची संख्या सुमारें सव्वा कोट. म्हणजे डेन्मार्कचा वांटा शेंकडा एकाहूनही कमी. हाच आंकडा पुष्कळ वेळां बचाव म्हणून पुढें केला जातो. परंतु त्याच्या शेजारीं दुसरा एक आंकडा ठेवावा: १८०१ च्या शिरगणतींत खुद्द डेन्मार्कची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या आंत होती. एवढ्याशा राष्ट्रानें एक लाखावर माणसें विकावीं, हा वांटा त्याच्या आकाराच्या मानानें लहान नव्हे. आणि जहाजाच्या तळाशीं साखळदंडांत पडलेल्या स्त्रीला आपल्यावरचें निशाण मोठ्या राष्ट्राचें आहे कीं लहान, यानें कोणता फरक पडत होता?

हा पैसा कोणाच्या घरांत गेला हें पाहण्यासारखें आहे, कारण तीं घरें कांहीं चोर-दरोडेखोरांचीं नव्हतीं. हाइन्रिख कार्ल शिमेलमन या गृहस्थानें १७६३ सालीं बेटांवरचे सरकारी मळे व कोपनहेगनमधील साखरेचा कारखाना विकत घेतला. आफ्रिकेंत पाठवावयाच्या बंदुका तयार करणारा कारखानाही त्याचाच होता. पुढें तो डेन्मार्कच्या राज्याचा अर्थमंत्री झाला. १७८२ सालीं तो वारला तेव्हां सुमारें हजार गुलाम त्याच्या मालकीचे होते. त्याचा मुलगा अर्न्स्ट हाही अर्थमंत्री झाला. हा मोठा रसिक व उदार पुरुष. जर्मन कवि शिलर हा आजारी व विपन्न असतां १७९१ सालीं त्यास तीन वर्षें वर्षासन देण्याचें ज्या दोघांनीं ठरविलें, त्यांतला एक हा अर्न्स्ट शिमेलमन. विद्येला आश्रय देणारें, वाचनाची आवड असणारें, सभ्य कुटुंब. आणि त्याच्या उत्पन्नाच्या मुळाशीं ऊंसाच्या मळ्यांत राबणारीं हजार माणसें. आमच्या वाचकांसारख्या सुशिक्षित गृहस्थाश्रमी मंडळींना या चित्रानें थोडें अस्वस्थ व्हावें, अशीच आमची इच्छा आहे.

याच अर्न्स्ट शिमेलमनच्या पुढाकारानें १७९२ च्या मार्चांत डेन्मार्कनें गुलामांचा व्यापार बंद करण्याचें फर्मान काढलें. गुलामांचा व्यापार करणाऱ्या युरोपीय राष्ट्रांत असें करणारें हें पहिलें राष्ट्र, आणि या गोष्टीचा त्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या अभिमान बाळगला गेला. अभिमानास जागा आहे. परंतु फर्मान पूर्ण वाचलें पाहिजे. बंदी अमलांत यावयाची होती ती १८०३ च्या आरंभापासून. मधल्या दहा वर्षांत मळेवाल्यांनीं हवे तितके गुलाम आणून घ्यावे म्हणून सरकारनें त्यांस कर्जें दिलीं, आणि स्त्रियांच्या आयातीस विशेष सवलत ठेविली. कारण उघड होतें. मळ्यांवर मृत्यु अधिक होत व जन्म कमी. पुरेशा स्त्रिया एकदां आणून ठेविल्या म्हणजे पुढची पैदास जागच्या जागीं होईल, असा तो हिशोब होता. व्यापार थांबला, गुलामगिरी थांबली नाहीं. ती आणखी पंचेचाळीस वर्षें चालूं राहिली.

ती संपली तीही कोपनहेगनच्या दयेनें नव्हे. सेंट जॉन बेटावर १७३३ च्या नोव्हेंबरांतच गुलामांनीं बंड करून किल्ला काबीज केला होता, आणि पुढें कित्येक महिने बेटाचा मोठा भाग आपल्या ताब्यांत ठेविला होता. तें बंड मोडण्यास डॅनिशांना फ्रेंचांची फौज बोलवावी लागली. १८४७ सालीं कायदा झाला कीं, यापुढें जन्मणारीं मुलें स्वतंत्र समजावीं व बाकीच्यांस बारा वर्षांनीं मुक्त करावें. बारा वर्षें वाट पाहणें हें कायदा करणाऱ्यास सोपें असतें. ज्यांना वाट पाहावयाची होती ते हजारोंच्या संख्येनें १८४८ च्या जुलैमध्यें सेंट क्रॉयवरील फ्रेडरिक्स्टेड गांवांत जमले, आणि ३ जुलै रोजीं गव्हर्नर पीटर फॉन शोल्टन यास त्यांचें स्वातंत्र्य तेथल्या तेथें जाहीर करावें लागलें. पुढें नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. मुक्त झालेल्यांस नव्हे.

दुसऱ्याच वर्षीं मजुरीचा असा कायदा झाला कीं, मजुरानें वर्षभर एकाच मळ्यावर बांधलेलें राहावें, मजुरी सरकारनें ठरवावी, आणि धनी बदलण्याची मुभा वर्षांतून एकदांच, १ ऑक्टोबरला मिळावी. तरीही मजूर पुरेनात, तेव्हां १८६३ सालीं कलकत्त्याहून तीनशेंहून अधिक हिंदी मजूर करारानें सेंट क्रॉयला नेण्यांत आले. पांच वर्षांचा करार संपतांच त्यांतले बहुतेक परत फिरले, यावरून तेथील सुखाची कल्पना करावी. १८७८ च्या त्याच १ ऑक्टोबरला मजुरांचा संताप उसळला व कित्येक मळे आगीच्या भक्ष्यस्थानीं पडले. या उठावाच्या पुढारी स्त्रिया होत्या. त्यांतल्या मेरी टॉमस हिला तेथील लोक आजही "राणी मेरी" म्हणतात. तिला व तिच्या सहकारी स्त्रियांना शिक्षा भोगण्यास कोपनहेगनच्या तुरुंगांत पाठविलें होतें. त्याच शहरांत, जुन्या वेस्ट इंडियन वखारीसमोर, २०१८ सालीं राणी मेरीचा भव्य पुतळा उभारण्यांत आला. मधल्या काळांत एकशेंचाळीस वर्षें गेलीं.

इतका काळ कां जावा? आमच्या मतें याचें उत्तर डेन्मार्कचें साम्राज्य ज्या रीतीनें संपलें तिच्यांत आहे. इंग्रज, फ्रेंच, पोर्तुगीज यांस आपल्या वसाहती झगडून सोडाव्या लागल्या. त्या झगड्याच्या बातम्या त्यांच्या घरोघरीं पोंचल्या. पुष्कळ वादविवाद झाला व अजून चालूं आहे. डेन्मार्कनें आपल्या वसाहती विकल्या. त्रांकेबार व श्रीरामपूर १८४५ सालीं साडेबारा लाख रुपयांस इंग्रजांना दिलीं. आफ्रिकेचे किल्ले १८५० सालीं दहा हजार पौंडांस. निकोबार बेटांवरचा हक्क १८६८ सालीं. वेस्ट इंडीजचीं तिन्ही बेटें १९१७ च्या मार्चअखेर अडीच कोट डॉलरांस अमेरिकेच्या स्वाधीन झालीं. त्या शेवटच्या विक्रीवर डेन्मार्कमध्यें सार्वमत घेण्यांत आलें. बेटांवरच्या लोकांना त्यांत मत नव्हतें. एके काळीं तंजावरच्या दारीं भाडेकरू म्हणून आलेल्यांनीं जातांना आपल्या भाडेकरूंस न विचारतां घर विकलें. विक्री झाली कीं खतावणी मिटते, आणि मिटलेली खतावणी पुन्हां कोण उघडतो?

विकत गेलेल्यांची खतावणी मात्र मिटत नाहीं. त्या बेटांवरचे लोक आज अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटांवर राहून अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकींत त्यांना मत देतां येत नाहीं. आणखी एक गोष्ट आम्हांस याहून दुःखाची वाटते. बेटांच्या कारभाराचे बहुतेक कागद कोपनहेगनच्या दप्तरखान्यांत गेले, आणि ते डॅनिश भाषेंत आहेत. बेटांवरील लोक इंग्रजी बोलतात. आपला पणजा कोणत्या जहाजांतून आला, कोणत्या मळ्यावर विकला गेला, हें ज्या कागदांत लिहिलें आहे ते सात समुद्रांपलीकडे आणि न समजणाऱ्या भाषेंत! २०१७ सालीं, विक्रीच्या शताब्दीस, डॅनिश दप्तरखान्यानें या कागदांचीं सुमारें पन्नास लाख छायाचित्रें जगासमोर खुलीं केलीं. हें ऋणमोचनाचें खरें काम होय, व तें आम्ही खऱ्या मनानें वाखाणतों. दारीं मोडी कागदांचे रुमाल असतांही ते वाचणारा मिळत नाहीं म्हणजे कुटुंबाचा इतिहास कसा मुका होतो, हें ज्या महाराष्ट्रीय घरांनीं अनुभवलें आहे त्यांना याचें मोल सहज कळेल.

एक मुलूख मात्र विकला गेला नाहीं, आणि तेथें हा प्रश्न अजून जिवंत आहे. तो म्हणजे ग्रीनलंड. १७२१ सालीं हान्स एगेडे हा धर्मोपदेशक तेथें गेला. १७७६ पासून तेथील व्यापार एका सरकारी कंपनीच्या मक्त्यांत होता. १९५३ च्या नव्या राज्यघटनेनें ग्रीनलंडचें वसाहतपण कागदोपत्रीं संपलें व तो डेन्मार्कचा एक जिल्हा ठरला. त्या घटनेवरचें सार्वमत ग्रीनलंडमध्यें घेतलेंच गेलें नाहीं. १९५१ सालीं तेथील बावीस लहान मुलें आईबापांपासून काढून डेन्मार्कमध्यें आणलीं गेलीं. त्यांना नमुनेदार डॅनिश बनवावें व परत पाठवून इतरांस त्यांचा कित्ता द्यावा, असा बेत होता. परतल्यावर त्यांतल्या पुष्कळांस घरीं न जातां बालकाश्रमांत राहावें लागलें, आणि आईशीं बोलण्यास मातृभाषा उरली नव्हती. १९६६ पासून थोड्याच वर्षांत सुमारें साडेचार हजार ग्रीनलंडी स्त्रियांच्या व मुलींच्या गर्भाशयांत संततिनियमनाचें साधन बसविण्यांत आलें, आणि त्यांतल्या कित्येकींची संमति घेतलेलीच नव्हती. हीं कामें करणारे पेंढारी नव्हते. डॉक्टर, शिक्षक व हितचिंतक अधिकारी होते. त्याच राज्याचे, ज्याच्या लोककल्याणाचे गोडवे आपण गातों. या मुलांची डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनीं २०२० सालीं व स्त्रियांची २०२५ सालीं सरकारच्या वतीनें क्षमा मागितली. मुलांपैकीं जिवंत उरलेल्या सहा जणांस २०२२ सालीं भरपाई मिळाली.

२०१९ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षांनीं ग्रीनलंड विकत घेण्याची भाषा काढली, तेव्हां "ग्रीनलंड विक्रीस नाहीं" असें उत्तर त्या देशाच्या लोकांनीं व डेन्मार्कनेंही दिलें. उत्तर योग्यच होतें. परंतु मुलूख व माणसें विकतां येतात ही कल्पना अमेरिकेला एकटीला सुचली असें नव्हे; तिच्या खाली १९१६ सालच्या खरेदीखतावर दोघांच्याही सह्या आहेत.

डेन्मार्क ही एकच धाकटी पाती नव्हे. स्वीडननें १७८४ पासून १८७८ पर्यंत वेस्ट इंडीजमधील सेंट बार्थेलेमी हें बेट बाळगलें व तेथल्या बंदरांतून व्यापार केला. बेल्जमच्या राजा लिओपोल्डनें १८८५ पासून १९०८ पर्यंत काँगोसारखा विस्तीर्ण प्रदेश खासगी मालमत्तेप्रमाणें भोगला, आणि रबराच्या लोभानें तेथें जें घडलें त्यानें त्या काळच्या साम्राज्यवाद्यांनाही लाज वाटली. म्हणजे राष्ट्र लहान असल्यानें अत्याचार लहान होतो, हेंही खरें नव्हे.

या सर्वांवर एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. आजच्या डॅनिश मनुष्यानें कोणाला गुलाम केलें? आजोबांच्या पणजोबांच्या कृत्याचा दोष त्याच्या माथीं कां मारावा? आमचें उत्तर असें कीं, दोष त्याचा नाहींच. परंतु दोष निराळा आणि ऋण निराळें. कर्ज काढणारा बाप वाईट होता म्हणून कांहीं मुलगा वाईट ठरत नाहीं. पण बापाच्या वाड्यांत राहून "ह्या कागदावरची सही माझी नव्हे" एवढेंच तो म्हणूं लागला, तर त्याला कोणी सज्जन म्हणणार नाहीं. आणि ऋण फेडण्याची पहिली पायरी पैशाची नसते. कागद वाचण्याची असते. डेन्मार्कनें ती पायरी उशिरां कां होईना, चढावयास आरंभ केला आहे. श्रीरामपूरचें सेंट ओलाव्ह चर्च डॅनिश साहाय्यानें दुरुस्त झालें हें चांगलेंच. पण इमारतींची डागडुजी सोपी असते. ज्या कागदांत इमारती नसून माणसें आहेत, ते वाचणें कठीण.

हें कठीण काम दुसऱ्यास सांगतांना आपलें दप्तर बंद ठेवणें बरें दिसणार नाहीं. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या व बटकींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, आणि त्यांतल्या कित्येक प्रतिष्ठित, विद्वान घरांत राबत होत्या. "आमच्याकडे त्यांना घरच्यासारखें वागवीत", "आमच्याकडे त्या फार थोड्या होत्या", असें आपणही म्हणतों. शिमेलमनच्या वंशजांनाही असेंच कांहीं म्हणतां आलें असतें. आपली पाती धाकटी असली तरी तिचें खातें आपल्याच हातांत आहे. घरांत जुने रुमाल असतील तर ते वाळवीच्या स्वाधीन न करितां मोडी जाणणाऱ्या एखाद्या जाणत्याकडून वाचवून घ्यावे, आणि त्यांत निघेल तें, मान देणारें असो वा खालीं पाहावयास लावणारें असो, मुलांपासून लपवूं नये, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.